हळू गोळी

नोव्हेंबरात कुह्मोला दुपारी तीनलाच दिवस मावळतो.
मामा मेजावरचं मेणकापड पुसून घेतो,
कडेला दाबयंत्र आवळतो, दिवा खाली ओढतो
आणि रेडिओ बंद करतो.
काट्याला, म्हणतो, बडबड सोसत नाही.

तराजू असा हळवा की समोरच्यानं उसासा टाकला
तरी दारूचं माप चुकतं.
म्हणून आम्ही श्वास बाजूला वळवून बसतो,
तो खिडकीकडे, मी चुलीकडे.
मधे पितळेच्या पुंगळ्या, गेल्या सालच्या, त्याआधीच्याही,
तोंडं वर करून,
घास मागणाऱ्या पिलांसारख्या.

लोक दारू भरतात ती गोळी लांब जावी म्हणून.
मामा भरतो ती हळू जावी म्हणून,
आवाजाच्या मागून चालावी,
तिच्या वाटेवर हवा फाटू नये.
कारण रेक्कू आता आंधळा आहे, चौदा वर्षांचा,
आणि त्या कडाडण्यानं तो साउनाच्या बाकाखाली शिरला
की दोन दिवस बाहेर येत नाही. मुततो तिथंच.
आणि कारण ससे.
मामीनं लावलेल्या सफरचंदाची साल
ते बर्फावर उभे राहून कुरतडतात,
बर्फ जितका चढेल तितकं वर.

मापात पाप नको म्हणतात.
मला वाटायचं, पाप म्हणजे जास्त भरणं.
थोडी कमी पडली तर काय होणार,
कमी म्हणजे सौम्य,
कमी म्हणजे कुणाचं काही बिघडत नाही.
त्या संध्याकाळी काही पुंगळ्या मी भरल्या होत्या.

सातव्या बाराला नुसतं फुस् झालं.
फळीवरच्या कागदाला भोक नाही.
रेक्कूनं कानसुद्धा हलवला नाही.
नेम चुकला असेल, म्हणत
मी बोल्ट मागे ओढला, पुढची चढवणार,
तोच मनगटावर मामाचा हात.
दफनानंतर त्यानं मला पहिल्यांदाच धरलं होतं.
"आत आहे ती," तो म्हणाला. "अजून आतच आहे.
मागून दुसरी पाठवलीस तर नळी फुटेल,
आणि तुझं तोंड."

दोन रात्री बंदूक चुलीशेजारी उभी.
नळीत तेल, थेंबथेंब.
उरलेल्या सगळ्या गोळ्या मामानं उकलल्या,
माझ्याही, स्वतःच्याही,
कुणाची कुठली ते न विचारता.
तिसऱ्या दिवशी पितळी सळई आत घातली
आणि लाकडी हातोडीनं, अंडं फोडावं तसं,
टक्.

"बुधवारी कायानीच्या इस्पितळातून फोन आला होता."
टक्.
"सिल्वीच होती. ये म्हणाली."
टक्. टक्.
"मी म्हटलं, रस्ता निसरडा आहे. उद्या निघतो."
त्यानं सळई फिरवली, कपाळ पुसलं, तेल लागलं कपाळाला.
"रस्ता ठीक होता."

मी तोंड उघडलं, आणि मिटलं.
चुलीत बर्चचा ओंडका बसला खाली.
तो किती वेळ तसाच, हातोडी हातात,
मला सांगता येणार नाही. कॉफी मात्र गार झाली होती.
मग पुन्हा टक्,
आणि मेणकापडावर पडलं काहीतरी
बोराच्या बीएवढं, तांबूस,
अंगावर नळीच्या आट्यांचे तिरके ओरखडे.
मामानं ते साखरेच्या वाटीत टाकलं.
अजून तिथंच आहे. चमच्याला लागतं.

गुरुवारी नवीन गोळी, त्यानं भरलेली.
देवदाराच्या फांदीवरून बर्फ घसरावा
एवढाच आवाज झाला.
रेक्कू झोपेत पाय झाडत होता.
ससा थोडा थांबला, आमच्याकडे बघितल्यासारखं केलं,
आणि ओढ्याच्या बाजूला निघून गेला, उड्या न मारता.
मामानं दुसरी चढवली नाही.
शेडमधून तारेची जाळी आणली
आणि झाडाच्या बुंध्याला गुंडाळली, तीन वेढे,
बर्फात गुडघे टेकून, उघड्या बोटांनी.
ही जाळी मामीनंच आणून ठेवली होती.
किमतीची चिठ्ठी अजून तशीच होती तिला.